पातेरा जाळू नका हो

आज सकाळी सव्वासात वाजता दूध आणायला निघाले, तर जिन्यातच धुराचा वास. वाटलं बाहेर रस्त्यावर कुणी काही पेटवलं असेल. खाली येऊन बघते तर मीटररूमच्या मागे खतासाठी साठवलेला आमचा पानांचा ढीग धुमसत होता. भडकून जळत नव्हता, कारण आतून ओला होता. नुसता पांढरा, जड, घशाला ओरबाडणारा धूर. शेजारी अळूची ओळ आहे, तिची पानं कडेनं भाजलेल्या पापडासारखी आकसली होती.

मी बादल्या ओतत सुटले. तीन, चार, पाच. सफाईचं काम करणारे मामा धावत आले. मी त्यांच्यावर ओरडले. "मामा, कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले, "ताई, वरून निरोप आला. परवा रंगकामवाले बघायला येणारेत, कचरा दिसायला नको म्हणले."

कचरा!

तो शब्द सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. सोसायटीच्या ग्रुपवर तर नऊ वाजता मेसेजसुद्धा आला, "मागच्या बाजूचा गार्डन वेस्ट क्लिअर केला आहे," आणि खाली सात अंगठे. अंगठे देणाऱ्यांपैकी चौघांच्या बाल्कनीतल्या कुंड्या ह्याच ढिगातल्या मातीनं भरल्यात. दर जूनमध्ये घमेली घेऊन रांगेत उभे असतात. त्यांना माहीत नाही असं नाही, त्यांनी विचारच केला नाही. मला जास्त राग त्याचा आहे.

माझ्या मित्रयादीतल्या लोकांना पानं का जाळू नयेत हे मी सांगायची गरज नाही. तुम्ही सगळे माती जपणारी माणसं आहात. तरी लिहितेय, कारण ह्या ढिगाची गोष्ट तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, आणि न लिहिता आज झोप येणार नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो, २००३ साली सासरे गेल्यावर गुहागरकडच्या गावातून इथे कोथरूडला आमच्याकडे राहायला आल्या. दोन खोल्यांचा फ्लॅट, दुसरा मजला, पुढे छोटी गच्ची. आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे त्या घरात दिसेनात. मी घाबरून खाली धावले. आई देशी बदामाच्या झाडाखाली खराट्यानं पानं गोळा करत होत्या. फेब्रुवारी होता, बदामाची पानं लालभडक होऊन गळत होती. त्यांनी एक जुनं हिरवं लुगडं जमिनीवर पसरलं होतं, त्यात पानं भरली, चार टोकं बांधली आणि ते गाठोडं डोक्यावर घेऊन जिना चढायला लागल्या.

मी त्यांना पहिल्या मजल्यावर अडवलं. समोरचं दार उघडं होतं, तिथल्या वहिनी बघत होत्या. मी दबक्या आवाजात म्हणाले, "आई, अहो हा कचरा कशाला घरात आणताय? लोक काय म्हणतील?"

त्या काही बोलल्या नाहीत. गाठोडं तसंच डोक्यावर, दोन पायऱ्या थांबल्या, मग वर गेल्या.

गावाकडे ह्या गळलेल्या पानांना पातेरा म्हणतात. माघ-फाल्गुनात बायका बागेतून, जंगलातून पातेरा झोडून आणतात. गोठ्यात गुरांखाली टाकतात, मग तो शेणामुतात भिजून खत होतो. माडाच्या, पोफळीच्या आळ्यात घालतात. ज्या बाईनं आयुष्यभर हे केलं, तिला एवढी पानं फुकट पडलेली दिसल्यावर ती काय करणार? आणि मी तिला कचरा म्हणाले. नेमका तोच शब्द, जो आज ग्रुपवर आला.

हां, भाजावळ असते हे मलाही माहीत आहे. आज कमिटीतल्या एकांनी लगेच ते ऐकवलं, "तुमच्या कोकणात पण जाळतातच की." जाळतात. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण रचून राब भाजतात, खरं आहे. पण ते ठरलेल्या तुकड्यावर, पेरणीसाठी. दमेकरी मुलाच्या खिडकीखाली नाही. तळमजल्यावरच्या त्या लेकराला आज परत वाफ द्यावी लागली, हे सात अंगठ्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आणि हे काही फक्त माझ्या भावनेचं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. हे मी कमिटीला मागेच लेखी दिलं होतं. फाइलला लागलं असेल.

कुणी म्हणालं, राख पण खतच असते. असते, राखेत पालाश म्हणजे पोटॅश असतो, नाकारत नाही. पण पुण्याची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात बोअरचं जड पाणी, त्यात तुम्ही तशीच अल्कधर्मी राख घालणार. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, कारण अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग नर्सरीत जाऊन औषधाची पुडी आणायची. पानांमधला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) धुरातून वर गेला, तो कुठल्या पुडीत मिळणार?

गाठोड्याकडे परत येते.

आईंनी गच्चीत रंगाचं एक रिकामं पिंप शोधून काढलं. माझ्या नवऱ्याकडून त्याला तापलेल्या सळईनं बुडाशी आणि बाजूनं भोकं पाडून घेतली. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर हातानं चुरलेली पानं, त्यावर स्वयंपाकघरातला भाजीपाला, परत पानं. प्रमाण त्यांनी कधी मोजलं नाही, पण मी नंतर बघत गेले तर ओल्या कचऱ्याच्या दुपटीहून थोडी जास्तच पानं असायची. पुढे वाचल्यावर कळलं की कुजवणारे जिवाणू साधारण ३० भाग कर्ब आणि १ भाग नत्र एवढ्या हिशोबात खूश असतात. पानांत कर्ब, भाजीच्या देठांत नत्र. आईंचा हिशोब वासाचा होता. वास आला की म्हणायच्या, "ओलं झालं, पातेरा घाल." मुंग्या दिसल्या की, "सुकलं, ताक शिंपड." ओल किती हवी, तर ओलं फडकं घट्ट पिळल्यावर राहते तेवढी.

थंडीतल्या एका सकाळी त्यांनी माझा हात धरून पिंपात घातला. कोपरापर्यंत. आत ऊब होती, नुकत्याच गाळलेल्या चहाच्या भांड्यासारखी. मी हात पटकन बाहेर काढला तर त्या हसल्या. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या हसल्या असतील.

काठोकाठ भरलेलं पिंप तीन-चार महिन्यांत पाव भागावर बसतं. वर भर घालत राहायचं. बदामाची, आंब्याची पानं जाड, ती चुरल्याशिवाय वर्ष वर्ष तशीच राहतात. कडुनिंब, कांचन, गुलमोहर पटकन मातीला मिळतात. खालून काढलेलं खत हातात घेतलं की चुरचुरीत, काळं, आणि पहिल्या पावसाचा वास. त्या जुलैत आईंनी त्यातच गावाहून आणलेलं पडवळाचं बी लावलं. गणपतीला आमच्याकडे घरचं पडवळ होतं, गच्चीच्या ग्रिलवरून सापासारखं लोंबणारं, आणि टोक सरळ राहावं म्हणून त्याला दोऱ्यानं दगड बांधलेला. समोरच्या त्याच वहिनी वाटी घेऊन आल्या. आईंनी त्यांना अर्धं पडवळ कापून दिलं.

मी मात्र माफी मागितली नाही. मागायला हवी होती. पुढे बारा वर्षं त्या आमच्याकडे होत्या. किती संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीत कुंड्या भरत बसलो असू, एकदाही तो जिन्यातला विषय मी काढला नाही.

गच्ची पुरेना झाली तेव्हा मीटररूमच्या मागे विटा रचून तीन बाय चार फुटांचा हौद केला. तेव्हाच्या कमिटीनं परवानगीही दिली होती, तोंडी का होईना. खणून बघितलं तर खाली नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. १९९४ ची इमारत, वरची चांगली माती बिल्डरनं तेव्हाच उचलून नेलेली. त्या मुरमावर वर्षानुवर्षं पानं टाकून आज तिथे वीतभर काळी माती तयार झालीय. निसर्गाच्या नुसत्या भरवशावर बसलो असतो तर त्याला किती शतकं लागली असती.

आणि आपण काय करतो? पानं जाळतो, नाहीतर काळ्या पिशव्यांत कोंबून कचऱ्याच्या गाडीत देतो. आणि मग दुकानातून कोकोपीटची पाच किलोची वीट आणतो, गांडूळखताच्या पिशव्या आणतो, कुठल्या डोंगराची खरवडलेली लाल माती आणतो. कोकोपीट ओल धरतं, हलकं असतं, गच्चीला ते बरं, हे मान्य. पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं, आणि न धुता वापरलं तर त्यातले क्षार मुळांना लागतात. खाली झाडानं स्वतःच्या पानांत महिनोन् महिने साठवलेलं सगळं पडलेलं असतं, फुकट, दारात!

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर जन्मभर हेच सांगत राहिले. गणिताचे प्राध्यापक, स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला, तासगावकडच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना स्वतः मोजायला, बघायला शिकवलं. शहरातल्या माणसालाही घरच्या पाल्यापाचोळ्यावर आपली भाजी पिकवता येते, हे त्यांनी करून दाखवलं. महाराष्ट्राला हे नवीन नाही. तरी २० फ्लॅटच्या सोसायटीला एक विटांचा हौद डोळ्यात खुपतो.

साप निघतात म्हणे. एकदा धामण निघाली होती, खरं आहे, सर्पमित्राला बोलावलं, तो घेऊन गेला. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली.

दुपारी मी मामांकडे गेले. सकाळी ओरडले त्याचं वाईट वाटत होतं. ते पंपाच्या खोलीबाहेर डबा खात बसले होते. त्यांचं घर जालन्याकडे, दोन एकर कोरडवाहू. म्हणाले, "ताई, मला कळत नाही का? आमच्यात शेतात काडी लावली तर बाप मारायचा. पण इथं नाही म्हणलं तर उद्या दुसरा माणूस येईल." मी तिथेच म्हणाले, "मामा, सकाळी चुकलं माझं." ते म्हणाले, "असू द्या." आणि डब्यातली चटणी पुढे केली.

जे वाक्य जिन्यात म्हणायचं राहिलं होतं, ते असं वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्याच माणसापुढे निघालं. घरी येऊन रडले.

मग संध्याकाळी मामा आणि मी मिळून ढीग उपसला. वरचा हातभर थर गेला. राख बाजूला केली तर खाली ओलसर काळी माती शाबूत होती, आणि अगदी तळाशी गांडुळं, ऊन लागल्याबरोबर आत सरकणारी. दोन घमेली भरून गच्चीत आणलीत, उरलेली तिथेच ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलीय. अळूचे कांदे उकरून बघितले, ते आत पांढरे आणि कडक आहेत, म्हणजे जिवंत आहेत. त्यातले सहा कुंडीत लावले. वर दोन बोटं पानांचं आच्छादन घातलंय, नाहीतर एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी घालावं लागतं.

कमिटीची मीटिंग रविवारी आहे. हौद राहणार, हे मी तिथे बोलणार आहे, आणि ह्या वेळी लेखी ठराव घेतल्याशिवाय उठणार नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या ज्यांनी दर जूनला घमेली भरून नेली, त्यांनी कृपा करून रविवारी अकरा वाजता खाली या. एकटीनं बोलायचा मला कंटाळा आलाय.

आणि कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या मित्रमैत्रिणींनो, आत्ता पिंपळ आणि कडुनिंब गळताहेत, करंजही गळेल. तुमच्याकडे झाडून गोळा होतील ती पानं पोत्यात भरून ठेवा. पोती नसतील तर जुन्या चादरीत बांधा. प्लास्टिक, काचा, कुंकवाच्या पुड्या तेवढ्या वेचून काढा. शनिवारी सकाळी सात ते नऊ मी स्कूटरवर येऊन घेऊन जाते. खाली कमेंटमध्ये नुसतं 'पोतं' आणि चौकाचं नाव लिहा, मी फोन करेन.