प्रभाग कुणी आखायचे, हे नगरसेवकाला विचारायचं का?

सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. निवडणूक पद्धतीचा फेरविचार करायला स्वतंत्र समिती नेमायची आणि तिच्यात राजकारण्यांना घ्यायचं नाही, ही मागणी लोकशाहीच्या विरोधात आहे, असं त्यात म्हटलंय. कारणं चार दिलीत. निवडणूक कळते ती लढवणाऱ्यालाच. लोकांनी निवडून दिलेल्यांना बाहेर ठेवणं हा मतदाराचा अपमान आहे. न्यायाधीश, प्राध्यापक तरी कुठं निःपक्ष असतात? आणि शेवटी कायदा विधिमंडळच करणार, मग समिती कशाला? मजकूर सफाईदार आहे, वाचता वाचता पटून जातो. पण चारही मुद्दे तपासले की टिकत नाहीत.

पहिला मुद्दा अनुभवाचा. बूथ कसा लावायचा, मतदारयादीत नावं कशी गळतात, पैसा कुठून कुठं जातो, हे उमेदवाराइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ते त्यानं समितीपुढं येऊन सांगावंच. पण माहिती देणं वेगळं आणि निर्णयावर सही करणं वेगळं. खासबागेच्या कुस्ती मैदानात पंच म्हणून जुना पैलवान चालतो. मात्र ज्याचा पठ्ठ्या आखाड्यात उतरलाय, त्या वस्तादाच्या हाती कुणी निकाल देत नाही.

आपल्याकडं ही व्यवस्था आधीपासून आहे. 2002 च्या सीमांकन कायद्यानुसार प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. त्यांना बोलता येतं, पण मत देता येत नाही आणि आदेशावर सहीही करता येत नाही. निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या त्या आयोगानं आपल्या जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ बारावरून दहावर आणले. पन्हाळा, वडगाव, सांगरूळ, गडहिंग्लज ही नावं यादीतून गेली. लोकसभेचा इचलकरंजी गेला आणि हातकणंगले आला. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण आमदारांनाच मताचा अधिकार असता, तर त्यातल्या कुणी आपला मतदारसंघ पुसायला हात वर केला असता का?

दुसरा मुद्दा मतदाराच्या अपमानाचा, आणि मला खरा राग याच मुद्द्याचा येतो. 2019 च्या अखेरीस तेव्हाच्या सरकारनं महापालिकांसाठी एका प्रभागात एकच नगरसेवक, असं ठरवलं. 2021 मध्ये त्याच सरकारनं मुंबई वगळून तीन नगरसेवकांचा प्रभाग केला. 2022 मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चारचा प्रभाग आला. सरपंचाचंही तेच. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. यातल्या एकाही बदलाच्या वेळी, तुम्हाला नगरसेवक एक हवा की चार, असं मतदाराला कुणी विचारलं नाही. त्यातच मार्च 2022 मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडं घेणारा कायदा झाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात बोलले.

आपल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा खटला हे त्याचं मोठं कारण होतं, हे मान्य. पण पुन्हा पुन्हा बदललेल्या प्रभागरचनेनं गुंता वाढवलाच. 2015 मध्ये एक बटण दाबून आलेला माणूस या वेळी यंत्रापुढं अ, ब, क, ड अशा जागांसाठी वेगवेगळी बटणं शोधत उभा होता. गल्लीतलं गटार तुंबलं की आता चौघांपैकी कुणाच्या दारात जायचं, हे त्यानं कुणाला विचारायचं? अपमान म्हणायचा तर याला म्हणा.

दिल्लीतही वेगळं नाही. उमेदवारानं गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलं. सर्व पक्षांनी मिळून त्याला विरोध केला आणि कायदा दुरुस्त करून घेतला. 2003 मध्ये न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली, म्हणून आज आपल्याला उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचायला मिळतं. निवडणूक खर्च सरकारनं उचलावा का, हे बघायला 1998 मध्ये इंद्रजित गुप्त समिती नेमली होती. समितीत सगळे खासदार. गुप्त स्वतः अत्यंत साधे आणि सचोटीचे. तरीही मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांना मिळावी, अपक्षांना नको, अशी शिफारस झाली. माणूस वाईट नसला तरी तो जिथं बसलाय तिथूनच बघतो.

न्यायाधीश-प्राध्यापकांबद्दलची शंका रास्त आहे. मग त्यांच्यावरही सगळं सोपवू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं 2003-04 मध्ये मतदारांतून चिठ्ठी काढून 160 नागरिक निवडले, प्रत्येक मतदारसंघातून एक बाई आणि एक पुरुष, शिवाय दोन आदिवासी प्रतिनिधी. लोकप्रतिनिधींना बंदी. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीला 2005 च्या सार्वमतात सुमारे 57.7 टक्के मतं पडली. अट 60 टक्क्यांची होती, म्हणून ती लागू झाली नाही. पण निर्णय अखेर लोकांपुढंच गेला.

आता शेवटचा मुद्दा. कायदा विधिमंडळ करणार, हे खरंच आहे. म्हणूनच समितीत त्यांना जागा नको, नाहीतर एकाच माणसाला दोनदा संधी मिळते. न्यूझीलंडमध्ये पाच जणांच्या आयोगानं 1986 मध्ये नवी पद्धत सुचवली, ती दोन्ही मोठ्या पक्षांना नको होती. अहवाल बराच काळ पडून राहिला, पण लोकांच्या हातात होता. 1993 च्या सार्वमतात त्यातली पद्धत जिंकली आणि 1996 ची निवडणूक नव्या पद्धतीनं झाली.

मागणी एवढीच आहे. आमदार, खासदार, नगरसेवक आणि पक्षाचे पदाधिकारी यांना समितीत घेऊ नये, पण त्यांची साक्ष जाहीर व्हावी. सुनावण्या मुंबईपुरत्या न ठेवता कोल्हापूर, गडहिंग्लजलाही व्हाव्यात. अहवाल आल्यावर विधिमंडळानं सहा महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर नावानिशी मतदान करावं, आणि नाकारलेल्या शिफारशीचं कारण लेखी द्यावं.