पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा सगळीच मुलं कमी ऐकतात

नमस्कार काका,

आपल्या नातीच्या वर्गात एक दिव्यांग मुलगा आला आणि बाईंचा निम्मा वेळ त्याच्यातच जाऊ लागला, असं आपण लिहिलंत. "एकासाठी पंचवीस जणांचं नुकसान का? विशेष शाळा मग कशाला काढल्या?" हे आपले शब्द. नातीची काळजी त्यात दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी विशेष शाळेचं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ही निवड कायद्याने त्या मुलाकडे ठेवली आहे. देवगडकडच्या आमच्या वाडीत ही निवड कशी असते? माझ्या वर्गातल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलीसाठी विशेष शाळा म्हणजे सहाव्या वर्षी घर सोडून वसतिगृह. तिची आजी तिला घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली, "बाई, ह्यां चेडू तुमच्या शाळेत रवात ना?"

आता नुकसानीचं. आमच्या शाळेवर पूर्वी कौलं होती, आता पत्रे आहेत. जूनमध्ये सर आली की वर्गात ताशा वाजल्यासारखं होतं. त्या मुलीचं श्रवणयंत्र माझा आवाज वाढवतं तसाच पत्र्यांचाही वाढवतं. त्यात दमट हवेने यंत्र बंद पडतं. रात्री ते डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवायचं, हे आजीला दोन-तीनदा करून दाखवावं लागलं. अशा दिवसांत ती ओठ बघून समजून घेते. आणि मी? चार महिने खिडकीकडे पाठ करून शिकवत होते. फिरतीवरच्या विशेष शिक्षिका आल्या, त्या मुलीच्या जागेवर दहा मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, इथून तुमचा चेहरा काळा दिसतो. ओठ दिसतच नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मी उजेडाकडे तोंड करून उभी राहते. फळ्यावर लिहिताना बोलत नाही, लिहून झालं की वळते आणि मग बोलते. मुलं अर्धगोलात बसतात. पाऊस जोराचा असला की तोंडी काम बाजूला ठेवून शब्दपट्ट्या काढते. यात जादा वेळ गेला नाही. उलट दुसरीची मागे बसणारी दोन मुलं श्रुतलेखनात "भात" सांगितलं की "हात" लिहायची, ती नीट लिहू लागली. त्यांचे कान चांगले आहेत. पावसात त्यांना ऐकूच येत नव्हतं आणि मी त्यांना धांदरट समजत होते.

तरी आपलं म्हणणं मी सगळं खोडून काढणार नाही. दोन शिक्षक आणि चार इयत्ता, यात माझ्या हातून एका मुलाचं वर्ष वाया गेलं आहे. बौद्धिक अक्षमता असलेला तो मुलगा शांत बसायचा. मी त्याला रंगवायला चित्रं द्यायचे आणि तो खूश आहे असं समजायचे. त्या वर्षी तो काहीच शिकला नाही. मला दाखवून देणारं तेव्हा कुणी नव्हतं, आणि हे लिहिताना आजही जड जातं. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 साली ठरवलं. आमच्याकडे एकच शिक्षिका कितीतरी शाळा फिरत येतात. नातीच्या बाईंची ओढाताण होत असेल तर ती त्या मुलामुळे नाही, या रिकाम्या जागांमुळे होते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत नातीच्या आईवडिलांना विचारायला सांगा, विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात आणि आले की वर्गात बसतात की नुसते रजिस्टर भरून जातात. प्रश्न दिव्यांग मुलाच्या पालकांनी विचारला की "त्यांचं ते बघतील" असं होतं. आपल्या घरातून आला तर समितीला तो टाळता येणार नाही.

आणि जमलं तर बाईंची परवानगी घेऊन नातीच्या बाकावर दहा मिनिटं बसून या, शक्यतो पाऊस असताना. त्या मुलाच्या जागेवरही बसा. तिथून फळा कसा दिसतो, बाईंचा आवाज कितपत येतो, ते मला इथेच लिहा. मी वाट बघते.