ओजेटीचा शिक्का

परवा एम.कॉम.च्या ओजेटीच्या, म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग'च्या, फायली तपासत बसले होते. बत्तीस फायली, त्यातल्या अकरांवर एकाच मोबाइल शॉपीचा शिक्का. दुकान माझ्या पाहण्यातलं आहे. स्टँडसमोर. आत दोन गिऱ्हाईकं शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. तिथं अकरा पोरांनी प्रत्येकी 120 तास काम शिकलं म्हणे.

ज्यांची पोरं कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नवीन शैक्षणिक धोरणात 2023-24 पासून एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिट. पोरांनी कुठंतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, अहवाल लिहायचा, शिक्का आणायचा. नव्या आराखड्यात ते पदवीलाही आहे. कागदावर वाचताना मला ते मनापासून पटलं होतं, अजूनही पटतं. नुसतं पुस्तकी शिकवून चालत नाही, हे आम्हीच वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये बोलत आलो.

त्या शिक्केवाल्या अकरा पोरांना बोलावून घेतलं. एक जण खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, बँकेत गेलतो, ते म्हणले वरनं पत्र आणा. सीए साहेब म्हणले आधीच दोघं हायत, बसायला जागा न्हाई. मग कुठं जायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुण्यात, मुंबईत कंपन्या शेजारीच असतात. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावसारख्या ठिकाणी एकाच वेळी शंभर-दोनशे पोरांना काम दाखवणार कोण, याचा विचार अभ्यासक्रम लिहिताना कुणी केला होता का?

त्या सीए साहेबांशी नंतर बोलले. पूर्वी त्यांच्याकडं एंट्री मारायला चार पोरं असायची, आता एकात भागतं. बँकेचं स्टेटमेंट सॉफ्टवेअर परस्पर ओढून घेतं, बिलं जुळवतं. "मला एंट्री मारणारा नको, चुकीची एंट्री ओळखणारा पाहिजे," असं ते म्हणाले. बरोबरच आहे. पण चुकीची एंट्री ओळखायला माणूस शिकतो तो आधी हजारभर एंट्र्या मारूनच. शिडीची खालचीच पायरी निघाली आणि आम्ही पोरांना सांगतोय, चढा.

म्हणून "पदवीला काय अर्थ नाही, स्किल शिका" असं उठसूट लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कुठलं स्किल आणि कुणाच्या हाताखाली, हे कुणीच सांगत नाही. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. खुल्या गटाची फी हजार रुपये. त्या रांगेतल्या पोरांना आपण सरकारी नोकरीचा हव्यास म्हणून नावं ठेवतो. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10 हजार मिळाले, आधी सहा महिने, नंतर मुदत वाढली. माझ्या दोन माजी विद्यार्थिनी त्यात होत्या. एक झेडपीच्या शाळेत, एक ग्रामपंचायतीत. मुदत संपली, दोघी घरी. अनुभवाचं प्रमाणपत्र तेवढं आहे.

आता त्या बत्तिसांतल्या एका फायलीबद्दल. ही फाइल आली नसती तर मी ही पोस्टच लिहिली नसती.

हा पोरगा शहराबाहेरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेला होता. वडिलांचा माल तिथं असतो, म्हणून मालकानं येऊ दिलं. अहवाल हातानं लिहिलेला, दोन पानांवर चहाचे डाग. पण आत काय होतं! कुणाचे 15 किलोचे किती बॉक्स आले, कुठल्या चेंबरला लावले, भाडं कसं चढतं. सौद्यात, म्हणजे लिलावात, भाव मनासारखा निघाला नाही की शेतकरी माल परत आत ठेवतो आणि पावतीवर तारण कर्ज उचलतो. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून 'झिरो पेमेंट' करतात, म्हणजे सगळी येणी-देणी चुकती करतात, तेव्हा वर्षभराची कुठली उधारी वर येते. शेवटच्या पानावर त्यानं मलाच प्रश्न टाकला होता: माल विकला तर आधी बँकेचं वळतं होतं का अडत्याची उचल, आणि हे ठरवतं कोण?

अकरा वर्षं मी खेळतं भांडवल शिकवतेय. पुस्तकातल्या 'एबीसी लिमिटेड'चं. माझ्या कॉलेजपासून चार किलोमीटरवर ते असं खेळतं, हे मला त्या पोरानं सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र त्याला मोबाइल शॉपीवाल्यांपेक्षा कमी मार्क दिले. स्पायरल बाइंडिंग नव्हतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' म्हणत. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट. पोरांनी मातीत हात घालून शिक्षण घेतलं, त्याला चार क्रेडिट नव्हते. बहुतेक म्हणूनच ते खरं राहिलं असावं.

माझंही सांगून टाकते, लपवण्यासारखं काय आहे? मी तासिका तत्त्वावर आहे. सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि पीएच.डी., दोन्ही झालंय. तासाला 900 रुपये, आठवड्याला नऊ तासिका, आणि तेही पैसे कधी येतील त्याचा नेम नाही. पोरं ओजेटीला जातात उन्हाळ्याच्या सुट्टीत. बेदाण्याची आवक त्याच दिवसांत जोरात असते, म्हणजे वेळ अगदी जमून आलेली. फक्त तोवर माझी नेमणूक संपलेली असते. मार्गदर्शक म्हणून फायलीवर सही मात्र माझीच.

तरी या वर्षी मी आधीच फिरायला सुरुवात केलीय. दोन कोल्ड स्टोरेज, एक खत-औषधांचं दुकान आणि एक पतसंस्था 'बघू' म्हणालेत. तासगाव, कवठेमहांकाळ, विटा भागात कुणाचा धंदा असेल, अडत असेल, दूध संकलन असेल, तर मला इनबॉक्स करा. दोन-दोनच पोरं पाठवीन. पगार नको. चहा आणायला पाठवू नका, रजिस्टर उघडून दाखवा आणि त्यांनी विचारलं तर उत्तर द्या. शिक्का शेवटच्या दिवशी मारा, पहिल्या दिवशी नको.