एफ८० च्या उघड्या आवृत्तीचा अंदाज

फेरारीच्या एफ८० या संकरित (पेट्रोल आणि विजेवर चालणाऱ्या) सुपरकारची छत नसलेली मर्यादित आवृत्ती येईल, हा चाहत्यांचा तर्क मला निराधार वाटत नाही, कारण एफ८० च्या आधीच्या ला-फेरारी या गाडीचे ४९९ नग बनवल्यानंतर कंपनीने २०१६ मध्ये तिची 'अपेर्टा' ही उघडी आवृत्ती आणली होती आणि तिच्या केवळ २१० गाड्या बनवल्या होत्या. मात्र त्याआधीच्या एन्झो या गाडीला असे भावंड लाभले नव्हते, त्यामुळे ही मारानेल्लोच्या या कंपनीची ठरलेली परंपरा आहे असे म्हणता येणार नाही.

काही चाहते या आवृत्तीत व्ही१२ (बारा सिलिंडरच्या) इंजिनाची अपेक्षा करतात, ती मला अजिबात पटत नाही. एफ८० चे तीन लिटरचे व्ही६ (सहा सिलिंडरचे) इंजिन फ्रान्समधील ल माँ ही २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या फेरारीच्याच ४९९पी या शर्यतीच्या गाडीशी नाते सांगते. ते एकटेच ९०० अश्वशक्ती देते आणि विद्युत मोटारींसह एकूण १,२०० होते. या आटोपशीर इंजिनाभोवतीच गाडीची हवेची गणिते बेतलेली असताना तिथे लांबलचक व्ही१२ बसवणे म्हणजे नवी गाडीच घडवणे होय. छत काढले तरी कार्बन तंतूंच्या सांगाड्याची दृढता कशी राखतील, याची मला खरी उत्सुकता आहे.