भोंगवटा प्रमाणपत्र

कोथरूडात माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. बाहेर पाटी: 'फ्लॅट, बंगला, दुकान – घेणे, देणे, भाड्याने'. गेली सव्वीस वर्षं या गाळ्यात बसून मी लोकांना घरं दाखवतो. या काळात माझ्या हातून झालेलं एकूण लेखन म्हणजे पेपरातल्या छोट्या जाहिराती. 'कोथरूड, २ बीएचके, दुसरा मजला, मुबलक पाणी, बाजार हाकेच्या अंतरावर.' शब्दामागे पैसे पडायचे, त्यामुळे क्रियापदाची सवय मला कधी लागलीच नाही. आणि ती हाक नेमकी कोणी मारायची, हेही कोणी विचारलं नाही.

भाचा बाणेरला डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. दिवाळीत फराळाला आला आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाला, "मामा, जाहिराती आता कोणी वाचत नाही. तू लोकांना माहिती दे. आठवड्याला एक लेख लिही, मी तो फिरवतो. एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येतं." त्याचा महिन्याचा पगार माझ्या तीन महिन्यांच्या दलालीएवढा आहे. सल्ला ऐकणं भाग होतं.

त्याच रात्री बसलो. तासाभरात एक वाक्य झालं: 'घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत.' बायको मेथी निवडत होती. तिला वाचून दाखवलं.

"अहो, हे वास्तुशांतीच्या प्रत्येक पत्रिकेवर असतं," ती म्हणाली. "आणि खाली ते 'प्रशस्त' काय लिहिलंय? चारशे ऐंशी स्क्वेअर फूट प्रशस्त? ते ठेवायचं असेल तर माझं नाव कुठे सांगू नका."

प्रशस्त काढलं. मग माझ्या लक्षात आलं की प्रशस्त, मुबलक, हवेशीर आणि हाकेच्या अंतरावर हे चार शब्द काढले तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार काही उरतच नाही. पाचवं होतं 'मेट्रो येणार'. त्यावर आम्ही वर्षानुवर्षं फ्लॅट विकले. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे मेट्रो खरोखरच सुरू झाली आणि धंद्यातलं एक हुकमी वाक्य गेलं. आलेल्या मेट्रोला येणाऱ्या मेट्रोची सर नाही.

शेवटी जे ठाऊक होतं तेच लिहिलं. पहिला लेख कार्पेट एरियावर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर. बाहेरची भिंत धरायची नाही, आतली धरायची, बाल्कनी धरायची नाही, आणि 'सुपर बिल्टअप'मध्ये जिना, लिफ्ट आणि वॉचमन जिथे खुर्ची टाकून झोपतो ती जागा, सगळं आपल्या डोक्यावर वाटून येतं. खाली नाव, फोन आणि महारेराचा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. भाचा म्हणे, तो लांबलचक आकडा विद्रूप दिसतो. मी ऐकलं नाही. २०२३ साली महारेराने एजंटांना परीक्षा लावली, तेव्हा पन्नाशी उलटलेला मी गच्चीत येरझाऱ्या घालत पाठांतर केलंय. तो आकडा मी माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा छापला असता.

लेख चालला. भाचा म्हणाला, लोक 'रिस्पॉन्स' देतायत. देत होतेच. नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव कसं लागलं, हे त्यांनी मला पाऊण तास सांगितलं. मी म्हटलं, "मग पुण्यात घर बघताय का?" म्हणाले, "छे, घर आहे की. तुमचं लिखाण आवडलं म्हणून केला फोन."

दुसरा लेख मुद्रांक शुल्कावर. पुण्यात सात टक्के, पण घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन. "हे आम्हाला गेली दोन वर्षं सांगत नव्हते. तुम्ही जरा यांच्याशी बोला," असं म्हणून त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला. पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्या लेखात मी लिहिलं की भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते आणि ती जबाबदारी मालकाची. त्या आठवड्यात चार मालकांनी माझ्याकडच्या चाव्या परत नेल्या. त्यातले एक जाताना म्हणाले, "तुम्ही आमचे की भाडेकरूंचे?" धंद्यात या प्रश्नाला उत्तर नसतं, दोन्हीकडून दलाली घ्यायची असते.

तोवर मला लिखाणाची चटक लागली होती. आणि मग मी तो लेख लिहिला. 'घर बघायला जाताना'. सकाळी सातला जा, ती पाण्याची वेळ असते. सगळे नळ एकदम सोडा. फ्लश दोनदा ओढा. दोन खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी घालून बाहेर काढून बघा. टँकरचं चेअरमनला विचारू नका, जिन्यात भेटेल त्या बाईला विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मागा. आणि एजंट मध्येमध्ये बोलत असेल तर त्याला नम्रपणे गप्प करा. हे शेवटचं वाक्य केवळ शैलीसाठी होतं.

बायको माहेरी गेली होती, त्यामुळे तपासायला कोणी नव्हतं. भोगवटाचं 'भोंगवटा' झालं. लक्षात आलं तोवर भाच्याने लेख चारशे जणांना पाठवला होता. "राहू दे मामा," तो म्हणाला, "ह्यूमन टच वाटतो."

महिन्याभराने एक जोडपं पाटी वाचून गाळ्यात आलं. तिशीतले, दोघं नोकरीवाले, कर्ज मंजूर झालेलं. अशी पार्टी हल्ली डोळ्याला पडत नाही. डहाणूकर कॉलनीतला एक रिसेलचा फ्लॅट दाखवायचं ठरलं. मुलगी म्हणाली, "काका, सकाळी सात चालेल?" माझ्या डाव्या डोळ्याची पापणी तेव्हाच लवली होती.

रविवारी सातला हजर. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद. आत शिरल्या शिरल्या तिने स्वयंपाकघर, बेसिन, न्हाणीघर, सगळीकडचे नळ सोडले. मी तोंड उघडलं, "पाणी अगदी मुब–"

"काका, एक मिनिट हं," ती गोड आवाजात म्हणाली.

मी गप्प. आतून फ्लशचा आवाज आला. मग पुन्हा आला. खाली नवरा गाडी घेऊन पार्किंगच्या खांबांत शिरला. तीनदा आत, तीनदा बाहेर. वॉचमन झोपेतून उठून "येऊ द्या, येऊ द्या, बास, बास!" करू लागला आणि तिसऱ्या खेपेला आरसा खांबाला घासला. जिन्यात एक बाई दुधाची पिशवी घेऊन चढत होत्या. "टँकर ना? एप्रिल-मेमध्ये रोज एक. कधी दोन," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही एजंट का?" असं विचारून वर गेल्या.

मुलीने कागदावर पेन्सिलीने खूण केली. मग वर बघून म्हणाली, "काका, भोंगवटा प्रमाणपत्र आहे का?"

खरं सांगतो, आरसा, टँकर, सगळं मी त्या क्षणी विसरलो. सव्वीस वर्षांत प्रथमच माझं वाक्य कोणाच्या तरी तोंडून ऐकत होतो, चुकीसकट.

"म्हणजे तुम्ही लेख वाचलात!" मी म्हटलं.

"हो ना. सिंहगड रोडला एक एजंट आहेत, त्यांनी पाठवला. फार अभ्यासू माणूस. आधी त्यांच्याचकडचे फ्लॅट बघत होतो आम्ही."

कागद मी हातात घेतला. वर टाय लावलेला एक फोटो. त्याखाली माझे नळ, माझे फ्लश, माझा भोंगवटा. शेवटी त्याचं नाव, त्याचा फोन. आणि त्याखाली तो विद्रूप, लांबलचक आकडा, एकही अंक इकडचा तिकडे न होता.

"माणूस तसा खरा वाटतो," नवरा म्हणाला. तो आरशावरचा चरा अंगठ्याने पुसत होता. "महारेराचा नंबरपण आम्ही तपासला, चालू आहे. फक्त नाव तिथे भलत्याच कुणाचं तरी येतं."

मी खिशातून माझं कार्ड काढलं.