चिमट्याचा नट ‘अंग टाकून’ आवळू नये

जुन्या मोटरसायकलचा मागचा भाग उघडून पुन्हा जोडण्याविषयी एक सल्ला सध्या कोल्हापुरात या फोनवरून त्या फोनवर फिरत आहे. त्याचा सारांश असा: गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, चिमट्याच्या (स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरून चेसिसवर वरखाली झुलणाऱ्या भागाच्या) बुशांत, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या अस्तरांत, भरपूर ग्रीस भरावे, चिमटा ज्यावर झुलतो तो मुख्य बोल्ट तिथेच अंग टाकून आवळावा, शॉकॲब्सॉर्बर मऊ वाटल्यास त्याच्या स्प्रिंगखालची कडी वरच्या खाचेत फिरवून स्प्रिंग कडक करावी, आणि ‘चार नट आवळले की काम झाले’. यातले एकही वाक्य सरसकट खरे नाही, आणि शेवटचे तर धोक्याचे आहे.

प्रथम ग्रीस. चिमट्याचे बुश ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पितळी किंवा प्लॅस्टिकचा साधा बुश आतल्या नळीवर (जिच्यातून बोल्ट जातो तिच्यावर) घसरत फिरतो, म्हणून त्याला ग्रीस हवेच. रबरी बुशात मात्र बाहेरची लोखंडी कडी आणि आतली नळी यांच्यामध्ये रबर पक्के चिकटवलेले असते. चिमटा वरखाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, फक्त रबर पिळले जाते आणि सुटते. तिथे ग्रीसला कामच नाही. उलट खनिज तेलाच्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगते आणि लवकर खराब होते. बोल्टच्या दांड्यावर मात्र दोन्ही प्रकारांत पातळ थर द्यावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या ज्यांनी उघडल्या, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. अशा एका गाडीचा बोल्ट नळीत इतका गंजून बसला होता, की माझा अख्खा रविवार गेला आणि शेवटी तो कापूनच काढावा लागला.

गाडी स्टँडवर असतानाच नट पूर्ण आवळण्याचा सल्ला साध्या बुशाला बाधत नाही, हे मान्य केले पाहिजे. रबरी बुशाचा मात्र त्याने घात होतो. समजा, चिमटा ४५ सेंमी लांब आहे आणि स्वार बसल्यावर चाक लटकत्या स्थितीपेक्षा ४ सेंमी वर येते. म्हणजे चिमटा सुमारे ५ अंश फिरतो. लटकत्या स्थितीत नट आवळला, तर आतली नळी त्याच कोनात जखडली जाते, आणि गाडी सपाट रस्त्यावर चालत असली तरी रबर सतत ५ अंश पिळलेले राहते. खड्ड्यात चाक आणखी ४ सेंमी उचलले गेले, की पीळ १० अंशांवर जातो. स्वार बसलेल्या स्थितीत नट आवळला असता, तर तोच पीळ वरच्या बाजूला ५ आणि खालच्या बाजूला ५ असा विभागला गेला असता. माझ्या शंभर सीसीच्या गाडीचे नवे बुश पहिल्याच पावसाळ्यात फाटले ते याच चुकीने, आणि ती चूक माझीच होती. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, कोणाला तरी सीटवर बसवावे आणि मगच शेवटचा पीळ द्यावा. शॉकॲब्सॉर्बरच्या डोळ्यांतही (दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांतही) असेच रबर असेल, तर तिथेही हाच क्रम ठेवावा.

‘अंग टाकून’ या शब्दांचा हिशेब करून पाहावा. ६० किलोच्या माणसाने ३० सेंमी लांब पान्याच्या टोकावर पूर्ण भार दिला, तर नटावर सुमारे १७५ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पडतो. लहान गाड्यांच्या पुस्तिकेत या नटासाठी दिलेला आकडा बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. नटाचे काम आतली नळी चेसिसच्या दोन कानांमध्ये (बोल्टच्या भोकांच्या पट्ट्यांमध्ये) घट्ट धरणे एवढेच आहे. त्याहून अधिक जोराने बोल्ट ताणला जातो किंवा आटे जातात. झिजलेल्या बुशाची खडखड मात्र जात नाही. ती तपासायची असेल, तर शॉकॲब्सॉर्बर लावण्यापूर्वी चिमटा आडवा हलवून पाहावा. साधा बुश असलेला चिमटा स्वतःच्या वजनाने अडखळल्याशिवाय खाली यावा, पण आडवा मुळीच हलू नये. उद्यमनगरात लेथवर पितळी बुश करून मिळतो, पण तो करून घेताना आतली नळी बुशापेक्षा किंचित लांब राहील याची खात्री करावी. ती आखूड पडली, तर नट चिमट्यालाच दाबून धरतो आणि चिमटा आखडतो.

कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग प्रत्येक मिलिमीटरला जेवढा विरोध करत होती, तेवढाच करत राहते. कडी फक्त गाडीची मागची बाजू उंचावते आणि दबण्याची सुरुवात उशिरा करवते. दुधाच्या किटल्या बांधून पहाटे शहरात येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्याच हव्यात. तेल गळलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर तो उपाय नाही. तिथे जोडीच बदलावी.

आता ते चार नट. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकची प्लेट चिमट्याशी एका पट्टीने बांधलेली असते, आणि चाक घाईने बसवताना राहून जातो तो बहुधा तिचाच नट. ही पट्टी सुटली, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, ब्रेकची सळई गुंडाळली जाते आणि चालत्या गाडीचे चाक जागच्या जागी अडकू शकते. त्या नटात स्प्लिट पिनची (नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोके दुमडायच्या पिनची) सोय असेल, तर पिन प्रत्येक वेळी नवी घालावी, जुनी सरळ करून नव्हे. ती एका चहाच्या पैशांतही येते.