मिस्त्रीचं ज्ञान कोणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि मनापासून लिहिलेली होती, म्हणून उत्तर खाली दोन ओळींत न देता वेगळं लिहितो आहे. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांनी आपल्या जुन्या, जाणत्या कामगारांचं ज्ञान संगणकात नोंदवून ठेवावं, आणि एआयमुळे ते हवं तेव्हा शोधणं आता सोपं झालं आहे, असं मी लिहिलं होतं. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, उभी हयात काढलेल्या तुम्ही त्यावर तीन आक्षेप घेतले. हातातली विद्या कागदावर उतरत नाही. आधी आयएसओच्या (गुणवत्ता-प्रमाणपत्राच्या) फायली आल्या, मग ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, सगळ्यावर धूळ बसली, हेही तसंच होणार. आणि तिसरं तुमच्याच शब्दांत: "म्हाताऱ्याकडून सगळं काढून घ्यायचं, मशीनमध्ये भरायचं, अन् मग म्हाताऱ्याले म्हणायचं, या आता."

तिसऱ्यापासूनच सुरू करतो, कारण बाकी दोन्ही आक्षेपांचं मूळ तिथे आहे.

तुमची भीती निराधार नाही. तिला अभ्यासाचा आधार आहे. 2023 मध्ये एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-सेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. ग्राहकाशी चॅटवर बोलताना काय उत्तर द्यावं, हे एआय त्यांना सुचवत होतं. तासाला सुटणाऱ्या तक्रारींचं प्रमाण सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं तब्बल 34 टक्क्यांनी. मुरलेल्या लोकांना मात्र जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. कारण उघड आहे. ती यंत्रणा जुन्या संभाषणांवर तयार झाली होती आणि चांगलं काम करणाऱ्यांची बोलण्याची, अडचण ओळखण्याची हातोटी तिने त्यातून उचलली. मुरलेल्यांचंच ज्ञान नवख्यांच्या पडद्यावर येत होतं. आणि ज्यांचं ते ज्ञान होतं त्यांना त्याबद्दल वेगळा मोबदला मिळत नव्हता. हा प्रश्न त्या संशोधकांनी स्वतःच मांडला आहे.

म्हणजे काका, तुम्ही जे जिनिंगच्या शेडमध्ये उभं राहून म्हणता, तेच हे संशोधक आकडे मांडून म्हणतात.

पण यावरून "नोंदवूच नका" असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. न नोंदवल्याने जाणत्या माणसाचा मान राहतो का? आपल्याकडे काय होतं ते आपण दोघंही पाहतो. मिस्त्री निवृत्त होतो, सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. पुढच्या सीझनला मशीन अडलं की त्याला फोन जातो, तो बिचारा मोटारसायकल काढून येतो, काम करून देतो आणि चहा पिऊन परत जातो. ज्ञान तेव्हाही फुकटच घेतलं जातं, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही. मला हा अन्याय जास्त खुपतो.

म्हणून माझं म्हणणं असं की सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा नंतरचा विषय. आधी त्या माणसाशी व्यवहार ठरला पाहिजे, तोही लेखी. सांगण्यासाठी जो वेळ जाईल तो ड्युटीचा वेळ धरायचा. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव राहील. नोंद बदलायची असेल तर त्याला विचारून. आणि निवृत्तीनंतर बोलावलं तर रोजाचा दर काय, तेही आधीच ठरवायचं. मालक हे मान्य करत नसेल तर मिस्त्रीने तोंड बंद ठेवावं, मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

हे स्वप्नरंजन नाही. झेरॉक्स कंपनीत 1990 च्या दशकात युरेका नावाची यंत्रणा उभी राहिली. त्याआधी ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिलं होतं की ते मॅन्युअलवर विसंबून काम करत नाहीत. जेवताना, चहा-कॉफी घेताना एकमेकांना सांगितलेल्या किश्शांवर करतात. युरेकात तेच किस्से छोट्या टिपांच्या रूपात यायचे. जाणते सहकारी टीप तपासायचे, मगच ती सगळ्यांना दिसायची, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असायचं. टिपेमागे पैशाचं बक्षीस नव्हतं, तरी लोकांनी हजारो टिपा लिहिल्या. नावाला एवढी किंमत असते. आपल्याकडे मी नावासोबत दामही मागतो, कारण झेरॉक्सच्या पगारदार तंत्रज्ञाची आणि आपल्या हंगामी फिटरची परिस्थिती एक नाही.

आता हातातल्या विद्येबद्दल. हे मी एका जिनिंगमध्ये जवळून पाहिलं आहे. चामड्याच्या, चर पाडलेल्या दोन रोलरांच्या म्हणजे डबल रोलर मशीनसमोर मिस्त्री थांबला, खाली पडणारी सरकी मुठीत घेतली, अंगठ्याने चोळली. तंतू जास्त राहिले होते. मग बाहेर येणारी रुई दोन्ही हातांनी फाकवून उजेडात धरली, फुटक्या सरकीचे तुकडे आहेत का बघायला. मग बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवला. एवढं झाल्यावर त्याने पाना मागितला. "कसं कळलं?" विचारल्यावर तो म्हणाला, "आवाज भारी होऊन राह्यला होता ना भाऊ." एवढंच. तुम्ही म्हणता ते हेच: हे कागदावर काय उतरणार?

पण प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. "तुम्ही कसं करता" याला कोणताच कसबी माणूस नीट उत्तर देऊ शकत नाही. "नवीन पोरगा इथे काय चुकतो?" असं विचारल्यावर तोच मिस्त्री खुलला. "नवीन पोट्टं आलं का पह्यले दाब वाढवते. मंग चामडं तापते. अबे, पह्यले चर पाहा ना, झिजले का." मग ओला कापूस आला तर काय, शेवटच्या वेचणीचा आला तर काय, कोणत्या दुरुस्त्या करून पाहिल्या आणि फसल्या, सगळं येत गेलं. आवाज ओळखणारा कान कागदावर उतरला नाही, हे खरं. पण आवाज बदलल्यावर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते उतरलं. रात्रपाळीला एकट्या असलेल्या पोराला तेवढाही आधार खूप असतो.

1980 च्या दशकात अमेरिकेच्या कॅम्पबेल सूप कंपनीने हेच केलं होतं. डबे निर्जंतुक करणाऱ्या प्रचंड उंच यंत्रांचा जाणकार आल्डो सिमिनो चाळीसहून अधिक वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीला आला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या लोकांनी महिनोन्‌महिने त्याच्याशी बोलून दीडशेच्या आसपास नियम काढले आणि ते संगणकात घातले. म्हणजे कल्पना नवी नाही, आणि काही अंशी ती साधतेही.

जिथे ती साधत नाही तिथे दुसरा रस्ता आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीला त्याच दशकात घरगुती पाव बनवणारं यंत्र काढायचं होतं. कणीक काही केल्या नीट मळली जाईना. तेव्हा इकुको तनाका ही सॉफ्टवेअर विकसक ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारीला गेली. तो कणीक ताणताना एक विशिष्ट पीळ देतो, हे शेजारी उभं राहूनच तिच्या लक्षात आलं, आणि मग तो पीळ यंत्रात आणला गेला. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या सीझनला जाणत्याच्या हाताखाली एक पोरगा पूर्णवेळ द्या, हे माझं मालकांना पहिलं सांगणं असतं. संगणक त्यानंतर.

धुळीचा आक्षेप उरला. आयएसओच्या फायली ऑडिटरसाठी लिहिल्या गेल्या, म्हणून ऑडिटर गेल्यावर त्या कपाटात गेल्या. ईआरपीचा दोष वेगळा. बेअरिंग कधी बदललं, किती रुपयांचं आलं, हे ते सांगतं. का गेलं ते सांगत नाही, कारण 'कारण' लिहायच्या चौकटीत सगळेजण 'झीज' लिहून मोकळे होतात. नियमांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रणांचीही हीच गत झाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीची एक्सकॉन ही यंत्रणा 1980 पासून ग्राहकाच्या मागणीप्रमाणे संगणकाचे भाग जुळवून द्यायची, आणि ती गाजली. पण उत्पादनं बदलत गेली तसे नियम हजारोंनी वाढले आणि ते ताजे ठेवणं हाच एक मोठा खटाटोप होऊन बसला.

आताच्या एआयने यातली एक अडचण खरंच कमी केली आहे. नोंदी नियमांच्या साच्यात बसवाव्या लागत नाहीत. साध्या भाषेतला मजकूर, जुने जॉब कार्ड (दुरुस्तीच्या कामाच्या नोंदी), आवाजी नोंदी, सगळ्याचे छोटे तुकडे करून त्यांच्या अर्थाची आकड्यांत खूण केली जाते. तुम्ही प्रश्न विचारला की त्याच्या जवळचे तुकडे शोधले जातात आणि त्यांच्या आधारे उत्तर लिहिलं जातं. 2020 पासून ही पद्धत रूढ होत गेली. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन वित्त कंपनीने 2023 मध्ये आपल्या सल्लागारांसाठी एक लाखाच्या आसपास अहवाल आणि कागदपत्रं अशा मदतनिसाच्या हाताशी दिली.

पण जुनी नोंद आणि तिला रद्द करणारी नवी नोंद दोन्ही आत असतील, तर कोणती खरी हे यंत्राला आपोआप कळत नाही. शिवाय आधार असूनही ते चुकीचं, पण ठाम उत्तर देऊ शकतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने घरातल्या मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी मिळणाऱ्या सवलतीबद्दल एका प्रवाशाला चुकीचं सांगितलं. बरोबर नियम त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या पानावर होता. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे प्रश्न तिकिटाच्या पैशांचा होता. आपल्याकडे चालू मशीनमध्ये हात घालणाऱ्या पोराचा असतो. म्हणून उत्तराखाली मूळ नोंद, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव दिसलंच पाहिजे, आणि सुरक्षेच्या बाबतीत यंत्राचं ऐकायचंच नाही, फोरमनला उठवायचं.

आपल्या बोलीची अडचण मी मूळ लेखात लिहायला हवी तेवढी लिहिली नव्हती, ती इथे भर घालतो. वऱ्हाडी, हिंदी आणि धंद्याचे शब्द एका वाक्यात आले की आवाजाचं लिखाण करणारी यंत्रं अडखळतात. 'सरकी'चं 'सरकार' होतं. म्हणून मूळ आवाज जपून ठेवायचा आणि लिहिलेला मजकूर मिस्त्रीला वाचून दाखवायचा. यात वेळ जातो, पण तो वाचवायच्या भानगडीत पडू नये.

शेवटी तुम्ही विचारलंत की वीस-पंचवीस माणसांच्या जिनिंगने यावर पैसे का घालावेत. घालू नयेत. या सीझनला एक ब्रेकडाउन वही पुरे: काय दिसलं, आधी काय करून पाहिलं, कशाने सुटलं, कोणी सोडवलं. सोबत फोनवर आवाजी नोंद. एवढं सीझनभर टिकलं तरच पुढचं बोलू.

आणि एक विचारतो. तुम्ही ओझरतं लिहिलंत की फरदडचा (मुख्य वेचण्या संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला) कापूस आला की तुम्ही मशीनची सेटिंग पहिल्या वेचणीसारखी कधीच ठेवत नव्हता. नेमकं काय बदलत होता, आणि का? खाली लिहा, किंवा फोनवर सांगा, मी लिहून काढतो आणि तुम्हाला वाचून दाखवतो. मूळ लेखात ते तुमच्या नावाने जोडेन, अर्थात तुमची हरकत नसेल तर.